रांगेतलं काम

केळुसकर सर रिकाम्या हातांनी ग्रामसभेत उभे राहिले, तेव्हा शेल्डन मागच्या खुर्चीवर मान खाली घालून बसला होता. बंधारा खाडीच्या तोंडाशी बांधला तर लाटा वरच्या वाडीचा किनारा खातील, असं सर सांगत होते. कोणीतरी पुरावा मागितला.

"गणित अजून पुरा झालेला नाय," सर म्हणाले.

निधी आलेलाच होता. ठराव मंजूर झाला.

ते गणित शेल्डनच्याच ताब्यातल्या रांगेत अडकलं होतं. पुण्यातल्या एका संशोधन संस्थेने शेकडो संगणक एकत्र जोडले होते. त्यांवर कुणाचं काम कधी चालवायचं, हे एक प्रोग्राम ठरवायचा आणि त्या प्रोग्रामची देखभाल शेल्डन तारकर्लीतल्या घरून करायचा. सर निवृत्त प्राध्यापक. संस्थेने त्यांना पाहुणे संशोधक म्हणून छोटं खातं दिलं होतं. छोट्या खात्याचं काम नेहमी मागे राही. कॉलेजात शेल्डनला पहिला प्रोग्राम लिहायला शिकवलं ते याच सरांनी.

सभेआधी सर संकोचत त्याच्याकडे आले होते. काम जरा पुढे घेता येईल का, एवढंच त्यांनी विचारलं. शेल्डनने नियम समजावला, रांग कुणासाठीच मोडायची नाही. सर उलट खूश झाले. आपला विद्यार्थी आपल्यालाही रांगेत उभं करतो, हे गावभर कौतुकाने सांगत फिरले.

त्याच आठवड्यात संस्थेच्या संचालकांचा फोन आला. परिषदेसाठी त्यांना आकडे हवे होते. शेल्डनने काही न विचारता त्यांचं काम सगळ्यांच्या पुढे घातलं. तेव्हा सरांची आठवणसुद्धा झाली नाही, हे त्याला नंतर जास्त लागलं.

सरांचं गणित पूर्ण झालं तोवर बंधाऱ्याचं काम सुरू झालं होतं. शेल्डन लॅपटॉप घेऊन त्यांच्या घरी गेला. पडद्यावर किनाऱ्याची रेघ वरच्या वाडीत आत आत सरकत होती. सरांनी पत्नीला, नर्मदाबाईंना, हाक मारून दाखवलं. आपलं बरोबर निघालं याचा आनंद त्यांना लपवता आला नाही. मग हळूहळू चेहरा उतरला. नर्मदाबाईंनी चहा ठेवला. पण काही असो, तू नियमाने वागलास, असं त्या शेल्डनला म्हणाल्या.

त्याला कप उचलवेना.

"सर, त्या आठवड्यात मी एक काम पुढे घातलंय."

"कोणाचा?"

"संचालकांचा."



"म्हणजे, पुढे घालूक येता," सर पडद्याकडे बघतच म्हणाले.

आवाजात राग नव्हता. असता तर शेल्डनला बरं वाटलं असतं. तो माफी मागू लागला. सर चपला पायात अडकवून बाहेर पडले. तो मागोमाग गेला.

खाडीच्या तोंडाशी डंपर काळे दगड ओतत होता. मुकादमाने सरांना ओळखून हात केला. सरांनीही केला. मग चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसत ते तिथेच उभे राहिले, बराच वेळ.