मजले मोजणारा बँड

नवा बँड मनगटावर आवळला आणि नलिनी मगदूम तिसऱ्या मजल्यावरच्या आपल्या स्वयंपाकघरातून थेट खाली पार्किंगमध्ये आली. ती पडली नाही की जिना उतरली नाही. हातातली सांडशी हातातच होती. दूध वर गॅसवर होतं.

दूध उतू जाईल म्हणून तिने घाईघाईने जिना गाठला. पहिला मजला चढली, दुसरा चढली, तिसरा चढली, आणि समोर पुन्हा पार्किंग आलं. चौगुल्यांच्या स्कूटरवर मघाचंच मांजर झोपलेलं होतं. दम मात्र तिला तीन मजल्यांचा लागला.

"अहो, गॅस बंद करा," तिने अंगणातून हाक मारली.

"केला," बाल्कनीतून अच्युतराव म्हणाले. "तू खाली कशी गेलीस?"

"नवा बँड घातला."

"बरं," ते म्हणाले.

जुन्या बँडमध्ये मजले मोजायची सोय होती. जिन्याचं एक चित्र यायचं आणि त्याखाली दिवसभरात चढलेले मजले. लिफ्ट नसलेल्या इमारतीत राहणाऱ्या नलिनीला सकाळच्या फिरायच्या ग्रुपमध्ये कोणी गाठू शकत नसे. तिला त्याचा ताठा होता, खोटं कशाला बोला. पट्टा तुटला तेव्हा तिने परकराची नाडी बांधून बँड चालू ठेवला. पण लेक सुट्टीला सांगलीला आली आणि "आई, लाज आणतेस अगदी" म्हणून नवीन देऊन गेली. नव्यात रक्तातला ऑक्सिजन होता, मनावरचा ताण होता, पाणी प्यायची आठवणसुद्धा होती. फक्त मजले नव्हते.

तिने बँड काढून पाहिला. मनगटावर पट्ट्याचा वळ राहिला, मजला काही आला नाही. उलट पायाखालची फरशीही खचायला लागली, म्हणून तिने तो पुन्हा घातला. मग त्याच बँडवरून कंपनीला फोन लावला.

"ते फीचर काढलंय मॅडम," तिकडची मुलगी म्हणाली. "फार थोडे लोक वर जायचे."

"मी जाते. माझं घर आहे वर."

"मी तुमचं म्हणणं पुढे कळवते."

"आणि जुना घातला तर?"

"जुना वर नेईल. खाली आणणं त्यात कधीच नव्हतं. तो फक्त चढणं मोजायचा."

"पण मी रोज उतरत होते की."

"ते तुम्ही तुमच्या जबाबदारीवर उतरत होता, मॅडम. आता त्या मॉडेलचा सपोर्ट बंद झालाय."

अच्युतरावांना खाली बोलावण्यात अर्थ नव्हता. हृदयाच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी त्यांना जिना बंद केला होता, आणि तेव्हापासून त्यांनी जमिनीला पाय लावला नव्हता. भाजी, दूध, पेपर सगळं दोरीला बांधलेल्या टोपलीतून वर जायचं. आता नलिनी तळमजल्यावरच्या चौगुलेवैनींच्या गॅसवर स्वयंपाक करून डबा टोपलीत घालायची आणि ते वरून तिची पातळं सोडायचे.

"राहा की वैनी, आपलंच घर हाय," चौगुलेवैनी म्हणाल्या. त्या मनापासून म्हणाल्या, तरी नलिनीचा जीव रमेना. लग्न झाल्यापासून ती नवऱ्याला सोडून इतकी कधी राहिली नव्हती. तिला त्यांच्या खोकल्याचीसुद्धा आठवण यायची.

संध्याकाळी ते बाल्कनीत येऊन उभे राहायचे.

"औषध घेतलंत?"

"घेतलं. कोपऱ्यावर भडंगाची गाडी अजून लागते का गं?"

"लागते."

"आणि ही चिंच? मला वरून नुसता शेंडा दिसतो. बुंधा केवढा झालाय?"

इथे आपण घरासाठी तळमळतोय आणि यांना चिंचेची पडलीय, असं म्हणून ती चौगुल्यांच्या घरात जायची.

मग बँड थरथरला आणि अपडेट झाला. त्यानंतर नलिनी पलंगावर बसली की फरशीवर असायची. खुर्चीचं तेच, पाटाचंही तेच. चौगुलेवैनींनी तिचं ताट खाली मांडलं. उंबरा अजून शिल्लक होता. पण पुढच्या अपडेटला तोही जाणार, आणि मग या घरातून बाहेरही पडता यायचं नाही, हे तिला दिसत होतं. आता मात्र ती घाबरली. एक एक पाय सांभाळून टाकत ती अंगणात आली.

"अहो, शिवणाच्या डब्यात जुना बँड आहे. तो टोपलीतून सोडा."

"म्हणजे तू वर येशील."

"येईन. पण मग पुन्हा उतरता यायचं नाही. दोघंही वरच."

अच्युतराव थोडा वेळ चिंचेच्या शेंड्याकडे बघत राहिले.

"आणि नव्याचं काय करणार?"

"टोपलीत घालते. लेकीने दिलाय, राहू दे घरात."

टोपली खाली आली. नलिनीने जुना बँड नाडीने मनगटाला बांधला, नवा टोपलीत ठेवला आणि दोरीला हिसका दिला. टोपली वर गेली.

ती जिना चढू लागली. पहिला मजला आला. मग दुसरा आला, आणि कोणाच्या तरी कुकरची शिट्टी ऐकून तिचे डोळे भरून आले. तिसऱ्या मजल्यावर तिचं दार उघडं होतं. टेबलावर चहा होता, एकच कप, वर बशी झाकलेली. टोपली बाल्कनीच्या कठड्यावर रिकामी होती.

"अहो?"

"इथे," खालून आवाज आला.

अच्युतराव बनियन-लेंग्यावर, अनवाणी, चिंचेखाली उभे होते. नवा बँड त्यांच्या मनगटावर होता. त्यांनी बुंध्यावर तळहात टेकला होता.

"वर या," नलिनी म्हणाली.

"कसा येऊ? ते फीचर काढलंय ना."

तिला संताप आला. इतकी धडपड कोणासाठी केली होती? पण त्यांचं तोंड उजळलं होतं. असं तोंड तिने फार दिवसांत पाहिलं नव्हतं.

"नलू, तेवढी चप्पल सोड," ते म्हणाले.

आजारपणाच्या आधी घेतलेली चप्पल खोक्यात कागदासकट तशीच होती. तिने ती टोपलीत घातली आणि दोरी सोडली. टोपली जमिनीला टेकली. त्यांनी चप्पल पायात सरकवली, दोन फेऱ्या मारून पाहिल्या आणि फाटक उघडून कोपऱ्याकडे निघून गेले. ती दोरी धरून वाट बघत राहिली.

तिच्या मनगटावर बँड थरथरला. जिन्याचं चित्र आलं आणि त्याखाली चौथा मजला आला. इमारत तीन मजल्यांची होती.

अच्युतराव भडंगाचा पुडा घेऊन परत आले. पुडा टोपलीत ठेवण्यासाठी त्यांनी हात वर केला, तेव्हा टोपली त्यांच्या डोक्याच्या वर गेली होती.