नववीचा वेढा

"अहो बाई, आत कुणीतरी रडतंय," असं म्हणत शिपाईमावशींनी नववीच्या वर्गाच्या दाराकडे हात नेला.

"दाराला हात लावू नका, मावशी," बाई हळूच म्हणाल्या. "आता कुठं रंग चढतोय."

मावशींनी हात मागे घेतला, पण त्यांचा चेहरा काही सरळ झाला नाही. व्हरांड्यात अर्धा वर्ग दप्तरांच्या ढिगामागे दबा धरून बसला होता. हे वेढा घालणारं सैन्य. सगळ्या वर्गाचे डबे आणि पाण्याच्या बाटल्या त्यांच्या ताब्यात होत्या. उरलेला अर्धा वर्ग आत, दाराला बाकं लावून, सकाळच्या प्रार्थनेपासून कोंडलेला. वर्गाच्या पंख्याची बटणं व्हरांड्यात होती आणि ती बाईंनी स्वतःच्या हातानं बंद केली होती. वेढ्यात पंखा कसला?

मधली सुट्टी होऊन गेली होती. आत एक बाक धाडकन आपटलं. मग "बाई!" अशी हाक आली. मग पुन्हा, "बाई! ओ बाई!" आणि त्यानंतर कुणीतरी तोंडावर हात दाबल्यासारखा नुसताच गुदमरलेला आवाज.

बाहेरच्या मुली बाईंकडे बघू लागल्या. बाई हसत होत्या. एवढ्या वर्षांत कुठल्या वर्गानं इतकं जीव ओतून काम केलं नव्हतं. त्यांनी ओठांवर बोट ठेवून सगळ्यांना गप्प केलं आणि कान देऊन ऐकत राहिल्या.

थोड्या वेळानं आवाज थांबले. बाकं सरकली, कडी निघाली आणि कप्तान बाहेर आली. ही शाळेच्या व्हॉलीबॉल संघाची कप्तान, हाडापेरानं मजबूत, आतल्या फौजेचीही तीच म्होरकी. तिच्या हातात पांढरा रुमाल होता.

"आम्ही शरण आलोय," ती म्हणाली.

रुमालाला रक्त लागलं होतं.

मुंगी शेवटच्या बाकाखाली होती. नेहमी काही ना काही चघळत असायची आणि अंगानं एवढीशी, म्हणून वर्गानं तिला मुंगी करून टाकलं होतं. गुडघे छातीशी घेऊन ती भिंतीला चिकटली होती. एक वेणी सुटलेली, केसांचा एक झुबका फरशीवर पडलेला. ओठ फाटला होता. डाव्या कानातून रक्ताचा ओघळ मानेवरून कॉलरमध्ये उतरला होता. जवळच लाकडी डस्टर पडलं होतं आणि बिस्किटांचा चुरा पायांखाली येऊन फरशीला चिकटून बसला होता. बाईंनी बाकाखाली हात घातला तशी तिनं डोकं दोन्ही हातांत लपवलं.

"अगं, मी आहे," बाई म्हणाल्या. त्यानं मुलीला काही धीर आला नाही.

बाईंचं लग्न इतिहासाशी लागलंय आणि आपण या घरात सवत म्हणून राहतो, असं त्यांचा नवरा चारचौघांत सांगायचा. त्यात थट्टा निम्मीच होती. नोकरीला लागल्या तेव्हा बाईही सगळ्यांसारखंच शिकवत. पुस्तक उघडा, कारणे द्या, सनावळ्या पाठ करा. पुढ्यातल्या मुली डोळे उघडे ठेवून झोपायच्या. मग एका वर्षी त्यांनी फळ्यासमोर खुर्ची ठेवली, एका मुलीला राजा केलं आणि बाकीच्यांना कर भरायला लावला. वर्ग खडबडून जागा झाला. तेव्हापासून त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. खटले चालवले, बाजार भरवले, परिषदा घेतल्या. शिक्षकांच्या खोलीत त्यांना लढाईबाई म्हणत, आणि वर्ग तपासायला वरून कुणी आलं की त्याच लोकांकडून घाईघाईनं लढाईबाईंना बोलावणं यायचं. नववीचा वेढा हा त्यांचा मुकुटमणी होता. उपासमार म्हणजे काय ते पुस्तकातून कळत नाही, डबा दाराबाहेर आणि आपण आत असलो की कळतं, असं त्या म्हणायच्या. नियम एकच होता. आतलं आतल्यांनी ठरवायचं, बाई आत येणार नाहीत. दरवर्षी भुकेनं मुली दार उघडायच्या, तहाच्या अटींवर घासाघीस व्हायची आणि शेवटी सगळ्या मिळून डबे फस्त करायच्या.

या वर्षीच्या मुली मात्र हटायला तयार नव्हत्या. कप्ताननं शेवटच्या घंटेपर्यंत दार न उघडण्याची शपथ घातली होती. तेव्हा बाईंना एक युक्ती सुचली. किती भिंती तोफांनी पडल्या आणि किती नुसत्या संशयानं, हे शिकवायला याहून चांगली वेळ कुठली! त्यांनी बाहेरच्या मुलींना दाराच्या फटीतून ओरडायला सांगितलं, "तुमच्यातली एक आम्हाला सामील आहे!" सामील कुणीच नव्हतं. पाव तासानं आतल्या मुलींनी एकमेकींचे खिसे तपासले. मुंगीच्या खिशात बिस्किटांचा पुडा निघाला.

दवाखान्यात मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, जातीनं हजर झाल्या. येण्याआधी त्यांनी आतल्या सगळ्या मुलींना एकेक करून विचारलं होतं. सगळ्यांचं उत्तर एकच. बाकावर चढली आणि पडली. मुंगीला विचारलं तर तीही छताकडे बघत म्हणाली, "पडले."

तिची आई लॉण्ड्रीतून तशीच आली होती. दिवसभर जड इस्त्री ओढून तिचे दंड एखाद्या हमालासारखे झाले होते. तिनं मुलीची बाही वर सरकवली. दंडावर दातांचे व्रण होते, एक नव्हे, तीन ठिकाणी.

"बाक चावतं का हो, मोठ्या बाई?" तिनं विचारलं.

मोठ्या बाई चष्मा पुसू लागल्या. "मुली आहेत, खेळता खेळता..."

"आणि तुम्ही कुठं होतात?" आईनं बाईंकडे मान वळवली.

बाईंनी तोंड उघडलं, पण मोठ्या बाईच पुढे झाल्या. "त्या बाहेर होत्या ना. दार आतून बंद. त्यांना कसं कळणार?"

बाईंनी तोंड मिटलं. आपण तोंड मिटलं हे त्यांना तिथल्या तिथे कळलं, आणि तरी त्यांनी ते उघडलं नाही. जिन्यात मोठ्या बाईंनी त्यांचा दंड धरला. "मी कसंबसं निस्तरलंय. तुम्ही गप्प बसा म्हणजे झालं. नाहीतर वर्गात उभं राहणं विसरा, या शाळेत काय नि दुसऱ्या काय."

घरी नवऱ्यानं ताट वाढून ठेवलं होतं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. "अगं, ती पोरगी स्वतः म्हणतेय ना पडले म्हणून? मग तू कशाला पायावर धोंडा पाडून घेतेस? वर्गाबाहेर तू आठवडाभर तरी तग धरशील का?" वाईट याचंच वाटलं की तो बरोबर बोलत होता. बाईंनी ताट बाजूला सारलं.

दुसऱ्या दिवशी नववीचा वर्ग हाताची घडी घालून बसला होता. फरशी धुतलेली होती. मुंगीची जागा रिकामी.

"काल आत काय झालं?" बाईंनी विचारलं.

"पडली," सगळा वर्ग एका सुरात म्हणाला.

बाईंना वेढ्याचे दरवाजे कसे बंद होतात ते आयुष्यात पहिल्यांदा नीट दिसलं. बाहेरच्या मुलीही आता आतल्यांना जाऊन मिळाल्या होत्या.

"तिनं मला हाका मारल्या," बाई म्हणाल्या. "मी ऐकल्या. मला वाटलं, नाटक चाललंय."

"खोटं!" कप्तान ताडकन उठली. तिचा हात फडक्यानं बांधलेला होता. "खोटं बोलू नका, बाई! तिनं हाका मारल्यावर आम्ही थांबलो होतो. मी बाकावर चढून वरच्या काचेतून बघितलं, थांबू की नको ते विचारायला. तुम्ही हसत होतात! मावशींना अडवत होतात आणि हसत होतात. मला वाटलं, बरोबर चाललंय. मी आत सांगितलं, बाई हसतायत. मग..."

"मग काय?"

"मग जास्त मारलं."

तिनं बांधलेली मूठ बाकावर आपटली, पुन्हा आपटली. मागून कुणीतरी किंचाळलं, "एकटी तू होतीस का गं? ती चावली ते सांग की!" जिनं चावे घेतले होते ती पुढच्या बाकावरून मागे झेपावली. "आणि डस्टर कुणी उचललं? मी?" तिनं दुसरीचे केस धरले. बघता बघता बाकं उलटली. मुली एकमेकींवर तुटून पडल्या. नखं, कोपरं, पट्ट्या, दप्तरं. एकीचं डोकं फळ्याच्या कडेवर आदळलं. कालचं सगळं पुन्हा सुरू झालं होतं आणि या खेपेला बाई दाराच्या आत होत्या.

त्या मध्ये घुसल्या. कुणाचं तरी कर्कटक त्यांच्या तळहातात खचकन रुतलं, कुणाचं तरी डोकं नाकावर बसलं. त्यांनी एकीला कमरेला धरून बाजूला फेकलं, दुसरीच्या थोबाडीत ठेवून दिली. आयुष्यात मुलीवर हात उचलला नव्हता, तोही उचलून झाला. शेवटी त्यांनी कप्तानला भिंतीशी दाबून धरलं. ती हुंदके देत लाथा झाडत होती आणि तेवढ्यात मावशी घंटा बडवत धावत आल्या.

"सामील कुणीच नव्हतं," बाई धापा टाकत म्हणाल्या. "ऐकताय का? कुणीच नव्हतं. ते मी ओरडायला सांगितलं होतं."

सगळ्या मुली त्यांच्याकडे बघत राहिल्या. कालपासून आत काहीतरी धरून ठेवलं होतं, ते कप्तानच्या अंगातून निघून गेलं आणि ती खाली बसली.

बाई तशाच, हाताला रुमाल गुंडाळून, मोठ्या बाईंच्या खोलीत गेल्या. मुंगीची आई तिथे मुलीचं नाव काढायला आली होती. मुंगी डोक्याला पट्टी बांधून बाहेरच्या बाकड्यावर बसली होती. बाई तिच्यासमोरून गेल्या, पण थांबायचा धीर त्यांना झाला नाही.

"मोठ्या बाई, ती पडली नाही," त्या म्हणाल्या. "तिला मारलं."

"बाई, आपलं काल काय ठरलं होतं?"

"मला सांगू द्या." बाई आईकडे वळल्या. "ती फितूर आहे असा संशय मीच आत सोडला. शिकवण्यासाठी. ती मला हाका मारत होती, त्या मी ऐकत होते. मावशी दार उघडत होत्या, त्यांना मी अडवलं. आणि मी हसत होते. मुलींनी मला हसताना बघितलं, म्हणून त्या थांबल्या नाहीत."

आईला ते समजायला क्षणभर वेळ लागला. "हसत होतात?"

"हो."

पहिला तडाखा बसला तसा बाईंचा चष्मा कपाटावर जाऊन आपटला. दुसऱ्यानं ओठ फुटला. मग आईनं त्यांचे केस मुठीत धरले आणि इस्त्री ओढायच्या त्या हातानं पाठीत, मानेवर, कानावर, जिथे बसेल तिथे हाणायला सुरुवात केली. "माझी पोरगी मरत होती आणि तू हसत होतीस? काय शिकवलंस गं? सांग ना, काय शिकवलंस?" बाई गुडघ्यांवर आल्या. मोठ्या बाई "पोलीस, पोलीस" करत टेबलामागे उभ्या होत्या. दारातून मावशी पुढे धावल्या.

"राहू द्या, मावशी," बाई कशाबशा म्हणाल्या. "अडवू नका."

मावशी अडखळल्या. दारात गोळा झालेले शिक्षकही जागच्या जागी उभे राहिले. आईनं टेबलावरचं पितळी वजन उचललं.

गर्दीतून वाट काढत मुंगी आत आली. पट्टी बांधलेलं डोकं आईच्या खांद्यापर्यंतही पोचत नव्हतं. तिनं दोन्ही हातांनी आईचं मनगट धरलं आणि त्याला लोंबकळलीच.

"आई, बास," ती म्हणाली. "बास झालं."

वजन खाली पडलं आणि घरंगळत कपाटाखाली गेलं. आई मुलीला धरून रडायला लागली, मोठ्यानं, आजूबाजूचं भान न ठेवता. मोठ्या बाईंना कंठ फुटला. उद्यापासून तुम्ही शाळेची पायरी चढायची नाही, असं त्या बाईंना सांगत होत्या. बाईंनी मान हलवली. त्यांचं शिकवणं त्या खोलीत शिरतानाच संपलं होतं.

त्या गुडघ्यांवर तशाच पुढे सरकल्या, मुंगीजवळ. दारातल्या माणसांना ऐकू जाणार नाही एवढ्या हळू, तिच्या डाव्या बाजूनं, काहीतरी म्हणाल्या.

मुंगी समोरच बघत राहिली. मग तिच्या लक्षात आलं की बाईंचे ओठ हलताहेत.

"त्या कानानं ऐकू येत नाही, बाई," ती म्हणाली. "या बाजूला या. आणि मोठ्यानं बोला."

बाईंनी टेबलाचा कोपरा धरला, उठल्या आणि दुसऱ्या बाजूला गेल्या.