निरीक्षणाचा तास

आमच्या मखमलाबादच्या मळ्यात रिकाम्या हातांनी कोणी बसत नाही. ओट्यावर बसायचं तर पुढ्यात कोथिंबिरीचा ढीग हवा. जुड्या बांधत बांधत गप्पा हाणायच्या. मी मात्र आठवडाभर रोज संध्याकाळी नुसती बसले. बी.ए.ला मी समाजशास्त्र आणि गुन्हेशास्त्र घेतलंय. कॉलेजच्या बाईंनी सांगितलं होतं, "निरीक्षण करा, मध्ये पडू नका." बाईंचा शब्द म्हणजे माझ्यासाठी काळ्या दगडावरची रेघ.

"पोलिसात जायाचं का गं तुला?" शेजारच्या सविताकाकूंनी विचारलं.

"नाही काकू. माणसं गुन्हा का करतात, ते शिकतेय."

"मंग आमच्याकडं काय बघती?"

सगळ्या हसल्या. मीही हसले.

पुढच्याच आठवड्यात पोलिसांनी काकूंच्या मुलाला, कुंदनला उचललं. त्याच्या शेडमध्ये खताच्या गोण्यांमागे गुटख्याची पोती सापडली. पोलिसांना खबर कोणी दिली, देव जाणे. वस्तीने मात्र लगेच तपास लावला, पुराव्याबिराव्याची भानगडच नाही. मी नळावर गेले की बायांचं बोलणं तुटायचं. सविताकाकू मला बघून दार लावून घ्यायच्या. मला असा संताप यायचा! गुटखा लपवणारा साव आणि मी चोर. चोर सोडून संन्याशाला सुळी, दुसरं काय?

दसरा तोंडावर आला. आमच्याकडे झेंडूची तोडणी सावडीने होते. आज सगळ्या बाया आमच्या मळ्यात, उद्या आम्ही त्यांच्या. त्या सकाळी एकही बाई फिरकली नाही. मी आणि आई, दोघीच सरीत वाकलेल्या. दुपार कलली तरी निम्मा झेंडू झाडावरच होता. फुलं आज गेली नाहीत तर उद्या त्यांना कोण विचारतो?

आईने पाटी आपटली आणि ती तडक सविताकाकूंच्या अंगणात गेली. मी मागोमाग धावले.

"सविता, तुझ्या पोरानं इष इकायचं आन् नाव माझ्या पोरीचं घ्यायचं व्हय? शिकती ती, चुगल्या नाय करत! कोणी पाह्यलं तिला सांगताना? पुरावा हाय का? हाय का कुणाकडं?"

काकू मान खाली घालून घरात शिरल्या. आसपासच्या बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. थोड्या वेळाने दोघीतिघी पाट्या घेऊन आमच्या मळ्याकडे निघाल्या. माझा ऊर भरून आला. जग काही का म्हणेना, माझ्या आईचा माझ्यावर विश्वास होता.

संध्याकाळी फुलांची गाडी मार्केटला गेली. घरात आल्यावर आईने दार लोटलं, कडी घातली आणि ती माझ्याजवळ येऊन बसली.

"दीपे, आता मला खरं सांग. तूच सांगितलं ना पोलिसाला? भिऊ नको, मी हाय."

 मी म्हणाले, "नाही गं आई. शप्पथ."

तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला.

"हां," ती म्हणाली, "कोणीबी इचारलं तरी अस्संच सांगायचं."