राणीछाप रुपयाला गुण किती?

पुणतांब्याच्या सुचित्राबाईंच्या घरात लग्न तोंडावर आलं होतं आणि वाद चालला होता एका रुपयाचा. त्यांच्या सुहासची पहिली बायको रश्मी काविळीने गेली होती. आता कोपरगावच्या मनवाशी त्याचं लग्न ठरलं होतं. म्हणून सुचित्राबाईंनी डब्यातून आपल्या सासूचा राणीछाप रुपया काढला. वर कडी जोडलेली, राणीचा चेहरा झिजून सपाट झालेला.

सासूला दुसरेपणावर, म्हणजे बायको वारलेल्या माणसाला, दिलं होतं. मेलेल्या सवतीचा त्रास होऊ नये म्हणून दुसरीने गळ्यात तिचा मुखवटा उठवलेला चांदीचा टाक घालायची रीत. मी लहानपणी असे टाक कितीतरी बायकांच्या गळ्यात पाहिले आहेत. या घरात टाक घडवण्याऐवजी बाईचा चेहरा असलेला हा रुपयाच कडी लावून त्या सासूच्या गळ्यात अडकवला होता. आता तो मनवाने घालायचा, असं सुचित्राबाईंनी ठरवून टाकलं.

सुहासने वेगळंच टुमणं लावलं. त्याचा मित्र संदीप कॉम्प्युटरच्या नोकरीसाठी अमेरिकेला निघाला होता. तिकडे म्हणे जुनी नाणी पारखून त्यांना गुण देतात आणि प्लॅस्टिकच्या डबीत बंद करून परत पाठवतात, तर हा रुपया संदीपबरोबर तिकडे पाठवू, असं सुहासचं म्हणणं. नगरच्या एका जाणकाराने स्पष्ट सांगितलं होतं, की कडी जोडलेल्या, घासलेल्या नाण्याला गुण मिळत नाहीत, नुसता ‘खराब’ असा शेरा मिळतो. तरी सुहासचा हेका सुटेना. रोज जेवताना तेच. ताटातला भात गार व्हायचा, पण बोलणं काही संपायचं नाही.

सुहासची आत्या केशरबाई लग्नासाठी येऊन राहिली होती. हा रुपया जन्मभर तिच्याच आईच्या गळ्यात होता, पण तिला कुणी विचारलं नव्हतं. शेवटी तीच वैतागली.

“सुहास, याला गुण मिळणार नाहीत हे तुला पक्कं ठाऊक आहे. लग्नाच्या दिवशी तो घरात नको, एवढंच तुझं म्हणणं. आईला ‘नाही’ म्हणवत नाही, म्हणून रुपयाला अमेरिकेला धाडतोयस.”

सुहासने गार भात कालवायला घेतला.

“वन्सं, उद्या काही वेडंवाकडं झालं तर निस्तरायला तुम्ही येणार आहात का?” सुचित्राबाई म्हणाल्या.

“माझी आई जन्मभर निस्तरतच होती. आम्हाला ताप आला की आजी म्हणायची, पहिली कोपली. मग आई तापलेलं पोर खाली ठेवून या रुपयाला हळदकुंकू वाहायची, माफी मागायची. आणि पहिली कोण? गोदू. बाळंतपणात गेलेली पोर. तिचं नाव तरी माहीत होतं का तुम्हाला? आता रश्मीचं भूत करायचंय?”

मग सुहास हळूच म्हणाला, “आई, मनवा हा घालणार नाही. आणि मी तो कुठे पाठवणारही नाही.” फार उशिरा, पण म्हणाला एकदाचा!

सुचित्राबाई उठून गेल्या. दुसऱ्या दिवशी लग्नाच्या करंज्या भरता भरता त्या अचानक केशरबाईंना म्हणाल्या, “मला टायफॉइड झाला तेव्हा रश्मी माहेरचं लग्न सोडून माझ्या उशाशी बसली होती. ती कशाला कोपेल?”

नवी सून येणार म्हणून रश्मीचा फोटो कपाटामागे ठेवला होता. तो त्यांनी पुसून पुन्हा भिंतीवर लावला. लग्नानंतर मनवा घरात आली तेव्हा त्यांनीच तिला फोटोसमोर नेऊन सांगितलं, “ही आमची रश्मी.” मनवाने मान वर करून फोटो नीट पाहिला. तिचा गळा मोकळा होता.

वाचकहो, शिकलेली माणसं वाईट रीत मोडत नाहीत, तिला वळसा घालतात, आणि ती पुढच्या सुनेची वाट बघत डब्यात बसून राहते. म्हणून जे चूक आहे त्याला तोंडावर नाही म्हणा. गेलेल्या बाईची आठवण तिच्या नावाने ठेवा. तिची भीती जिवंत बाईच्या गळ्यात बांधू नका.