वारुळापाशी बोलायचं नसतं

सुमनबाईंच्या घरचा नेमच होता: वारुळावरची अळंबी काढताना तोंडातून शब्द काढायचा नाही. बोललं की पुढच्या साली वारूळ रुसतं. सासूनं सांगितलं, त्यांनी जन्मभर पाळलं, आणि आता सून अनुश्रीनंही पाळायचं होतं. लग्नाला सहा महिने झालेले, हिंगोलीच्या कारकुनाची लेक. तिला रानातलं ओ की ठो कळत नाही, हे सुमनबाई गावभर सांगून मोकळ्या झाल्या होत्या. मात्र शिकवायचं म्हटलं की त्यांना कधी सवड नसे.

दोन दिवसांची पावसाची झड उघडल्यावर दोघी गोरेगावमागच्या रानात शिरल्या. वारूळ पांढऱ्या छत्र्यांनी भरलं होतं. सुमनबाई काडीनं माती उकरून एकेक अळंबी मुळासकट काढू लागल्या. मागून अनुश्रीनं काहीतरी वर धरलं, विचारल्यासारखं. सुमनबाईंनी मान न वळवताच हात हलवला. घे, घे. वाटेला लागल्यावर त्या म्हणाल्या, "तू व्हय म्होरं, कालवण टाक. म्या पलीकडचं वारूळ बघून येते."

परतताना बाभळीखाली त्यांना कापलेले देठ दिसले. मेथी कापावी तसे सुरीनं साफ कापलेले, आणि वारुळापासून चार हात लांब. त्यांनी एक देठ उकरला. वारुळाच्या अळंबीचं मूळ वीतभर खाली जातं. याला मूळच नव्हतं, बुडाशी पांढरी वाटी होती. ही विषारी जात.

फोनला रेंज नव्हती. देठ पदरात बांधून साठीची ती बाई चिखलातून पळत सुटली. त्यांचे मालक तातेराव बाराच्या ठोक्याला जेवायला बसणारे, आणि बारा कधीच वाजून गेले होते. त्या दोनदा पडल्या, दोनदा उठल्या, आणि देवाला नाही नाही ते बोलल्या.

तातेराव पाटावर होते. भाकरीचा तुकडा कालवणात बुडणार, तोच सुमनबाईंनी ताट भिरकावलं.

"खाल्लं का? बोला की!"

"कुठं खाल्लं? कालवणाला उशीर झाला, आत्ताच तर वाढून राहिली ती. येड लागलं का तुला?"

सुमनबाई मटकन खाली बसल्या. आनंदानं त्यांना हुंदकाच फुटला.

"आत्याबाई," चुलीपाशी अनुश्री पांढरीफटक पडली होती. "मीठ बघायला मी चमचाभर खाल्लं."

जीप करून हिंगोलीचा दवाखाना गाठला. डॉक्टरांनी पदरातला देठ पाहिला. "लवकर आणलंत ते बरं केलंत. पण हे विष उशिरा उठतं. तीन दिवस काही सांगता येणार नाही." मग कागद ओढून विचारलं, "चांगली म्हणून ओळखली कुणी?"

"मीच," अनुश्री सलाईनच्या खाटेवरून घाईनं म्हणाली. "आत्याबाई तिथं नव्हत्या."

सुमनबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोरगी मरणाच्या दारात पडूनही त्यांची अब्रू राखत होती.

"खोटं बोलून राहिली ती, डाक्टर. तिनं मला दाखवली व्हती. म्या बघितलंच न्हाई, अन् घे म्हणलं."

डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. सुमनबाई खाटेशी सरकल्या आणि सुनेचे चिखलानं भरलेले पाय पदरानं पुसू लागल्या.