पळालात तुम्ही, पण गुरं घेऊनच

आमच्या कुळात गर्वाची कमतरता कधीच नव्हती, आणि मला त्याची लाजही वाटत नाही. पदवीदानात नुसतं नाव पुकारून आमचं भागत नाही. पोरगी मंचावर चढली की सभागृहातून तिच्या कुळाची बिरुदं, म्हणजे पूर्वजांची नावं आणि पराक्रम, गर्जली पाहिजेत. यंदा डर्बनच्या आमच्या विद्यापीठानं ठरवलं, ही बिरुदं नावाबरोबर मोठ्या पडद्यावरही दाखवायची. काम माझ्याकडे आलं. माझी धाकटी बहीण थांडेका त्याच समारंभात डॉक्टर होणार होती, त्यामुळे मी किती हुरळले ते सांगायला नको.

काम तसं किरकोळ. अर्जात प्रत्येकानं एकेका चौकटीत एकेक बिरुद भरलेलं. पण पडद्याच्या प्रोग्रामला यादी चालत नाही, सगळं एका सलग ओळीत गुंफून द्यावं लागतं. मध्ये जे चिन्ह ठरवून दिलं असेल तिथे तो ओळ तोडतो आणि एकेक तुकडा दाखवतो. मी सवयीनं स्वल्पविराम घालून मोकळी झाले.

आदल्या दिवशी दुपारी तालीम होती. मी मुद्दाम थांडेकाचं नाव पहिलं लावलं. माझे साहेब, पिल्ले सर, शेजारी उभे होते. पडद्यावर तिचं नाव आलं, मूळपुरुषाचं आलं, आणि मग हातभर उंच अक्षरांत आलं, 'पळालात तुम्ही'. बस्, एवढंच.

"अगं बाई," सर हसू दाबत म्हणाले, "तुमचं खानदान पळपुटं निघालं की!"

माझा तिळपापड झाला. आमचं बिरुद आहे 'पळालात तुम्ही, पण गुरं घेऊनच'. शत्रूनं गाव पेटवलं तेव्हा आमच्या पूर्वजांनी एक वासरूसुद्धा मागे सोडलं नव्हतं, त्याची ती आठवण. मधला स्वल्पविराम बिरुदाचा होता. प्रोग्रामला तो माझा वाटला आणि त्यानं तिथेच सुरी चालवली.

"लांबलचक बिरुदं काढून टाक," सर म्हणाले. "एकेका शब्दाची ठेव. कशाला डोक्याला ताप?"

"सर, उद्या माझे बाबा गावाहून, पार नोंगोमाहून येतायत. त्यांच्या कुळाचं नाव कापून दाखवू? त्यापेक्षा पडदाच बंद ठेवा ना!"

"मग नुसते स्वल्पविराम पूस."

"बाबांच्या तोंडचं पुसणारी मी कोण?"

"बरं बाई, चिडू नकोस. संध्याकाळपर्यंत बघ. नाही जमलं तर लांब बिरुदं जाणार, मग माझ्यावर डोळे वटारायचे नाहीत."

मला असं चिन्ह हवं होतं, जे कुणाच्याच बिरुदात नसेल. अर्धविराम शोधला, तर कुणीतरी तोही लिहून ठेवलेला. तिरकी रेघ? एका पठ्ठ्यानं आजोबांची दोन नावं तिनंच जोडलेली. आमची माणसं स्वतःची थोरवी लिहायला बसली की कीबोर्डवरचं काही शिल्लक ठेवत नाहीत. शेवटी उभी रेघ सापडली. तिला कुणीच हात लावला नव्हता. दोन बिरुदांच्या मध्ये ती घातली. शेवटच्या बिरुदानंतर घातली नाही, नाहीतर अखेरीला रिकामा पडदा दिसला असता. मग पडद्याच्या प्रोग्रामलाही बजावलं, तोडायचं ते फक्त इथे. सरांनी दोनदा चालवून पाहिलं आणि मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सभागृह खच्चून भरलं. मी मागच्या टेबलाशी कॉम्प्युटरसमोर, बटणावर बोट ठेवून. थांडेकाचं नाव पुकारलं गेलं. पडद्यावर एकेक बिरुद येऊ लागलं, आणि मग ते आलं, पूर्ण, एका ओळीत.

बाबा काठी टेकत उठले आणि गरजले, "पळालात तुम्ही..."

आणि थांबले. कुणीतरी फिसकन हसलं. माझ्या मात्र अंगावर काटा आला, कारण घरी ते नेहमी तिथेच थांबतात. पुढचं त्यांनी म्हणायचंच नसतं.

"पण गुरं घेऊनच!"

गॅलरीतून, दारातून, मधल्या रांगांतून आवाज उठला. आमच्या कुळाची इतकी माणसं तिथे आहेत हे मला ठाऊकच नव्हतं. मंचावर झगा घालून बसलेल्या एक प्राध्यापकबाईसुद्धा उभ्या राहून ओरडल्या. बायकांच्या किलकाऱ्यांनी छत दणाणलं, आणि थांडेका पदवी घ्यायची विसरून बाबांकडेच बघत राहिली.

"आणि हा स्वल्पविराम मी पुसायला सांगत होतो," पिल्ले सर हळूच म्हणाले.

पुढचं नाव लावायचं होतं, आणि डोळ्यांतल्या पाण्यानं मला बटण दिसत नव्हतं.