तिसरं रीडिंग

पहिलं रीडिंग : ९.६ मिली.

आकडा लिहिताना हिलालच्या मनगटावरचं रक्त उत्तरपत्रिकेवर टपकलं. बाहेरून आलेले परीक्षक बन्सीलाल सर काय झालं म्हणाले. ट्रकमधून पडलो, म्हणाला. वीस मिनिटं उशीर झाला होता, तरी सरांनी त्याला आत घेतलं. दुसऱ्या वर्षाचं हे राहिलेलं प्रॅक्टिकल आज बुडालं असतं, तर तिसरं वर्षही गेलं असतं. मग धरणगावला परत, कपाशीत.

फ्लास्क धुतला. पुन्हा ब्युरेट भरली.

थेंब.

आज कॉलेजच्या जी.एस.चं, विद्यार्थी सचिवाचं मतदान. वर्गप्रतिनिधी तेवढे मत देणार, म्हणून परवा निवडणुकीला उभ्या लीलाधरच्या पॅनेलने हिलालसह पाच प्रतिनिधींना सहलीला म्हणून जीपमध्ये घातलं आणि तापीकाठच्या केळीच्या बागेत आणून ठेवलं. दर वर्षी असंच. पळवलेली पोरंही मटण खाऊन खुशीत असायची. हिलालही काल संध्याकाळपर्यंत खुशीत होता. प्रॅक्टिकलला सोडा म्हणाला, तेव्हा लीलाधरने सायकलच्या चेनने त्याची पाठ फोडली. फुटून विरोधकांना मिळालास, म्हणाला.

थेंब. थेंब.

दुसरं रीडिंग : १०.३.

जुळत नाही. दोन आकडे जुळायलाच हवेत.

सकाळी बाकीचे नदीवर गेले. राखणीला एकटा भटू, धुळ्याकडचा, हिलालचा रूम पार्टनर. पाण्याच्या इंजिनाशेजारी बसून त्याने हसत सांगितलं, "बठ तठे. मतदान व्हऊ दे, मंग जाय."

हिलालने पाया पडून पाहिलं. भटूने त्याला लाथेने ढकललं, तेही हसतच. तेव्हा इंजिन सुरू करायचं लोखंडी हँडल हिलालच्या हाती आलं. पहिला घाव खांद्यावर. भटूचं हसू गेलं. दुसरा कानामागे. ओलं लाकूड फुटावं तसा आवाज. तिसऱ्याची गरज नव्हती. तरी घातला.

मग केळीतून पळत रस्ता, रस्त्यावर ट्रक,

थेंब,

गुलाबी होतंय, हळू,

"सर, भटू पालथा पडलाय. पाण्याच्या पाटात."

सरांना आधी कळलंच नाही. हिलालने बाग सांगितली, हँडल सांगितलं. ब्युरेटचा नळ त्याने सोडला नव्हता.

"कधी?"

"नवाला."

भिंतीवर बाराला पाच कमी होते. सर प्राचार्यांच्या फोनकडे धावले. टेबलाटेबलांवरची पोरं मागे सरकली. लॅब असिस्टंट छगनभाऊ दाराला पाठ लावून उभे राहिले.

फ्लास्क गडद गुलाबी झाला होता. गेलं हे रीडिंग. हिलालने तो बेसिनमध्ये ओतला, धुतला, नवं द्रावण मोजून घेतलं.

"भाऊ," त्याने विचारलं, "वेळ किती उरला?"

छगनभाऊंनी हात मागे नेऊन दाराची कडी लावली. हिलालने नळ उघडला.